यवतमाळच्या जलाशयांवर कॅराव्हॅन आणि बोट: उन्हाळी सहलीआधी काय पाहाल

मुलांच्या परीक्षा संपत आल्या, की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘भाड्याची कॅराव्हॅन घेऊन इसापूर धरणावर दोन रात्री राहता येईल का?’ ‘तिथे बोट मिळते का?’ ‘आमच्याकडे हवा भरायची छोटी बोट आहे, ती पाण्यात उतरवली तर कोणी अडवेल का?’ विचारणारे बहुतेक नागपूर, अमरावती, पुण्याचे. काहींचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातच असतं आणि नोकरी बाहेर. डोळ्यांसमोर चित्र असतं ते परदेशी व्हिडिओंमधलं: तळ्याकाठी उभी मोठी गाडी, तिच्यामागे ओढून आणलेली बोट, दिवसभर पाण्यात खेळणारी मुलं.

अशी सहल यवतमाळ जिल्ह्यातही करता येते, पण ती इथल्या हवामानाप्रमाणे आणि इथल्या नियमांप्रमाणे आखावी लागते. आपले जलाशय सिंचनासाठी बांधलेले आहेत. उन्हाळा वाढतो तसं त्यांतलं पाणी कालव्यांतून शेताला जातं आणि काठ मागे सरत जातो. वर ४२-४३ अंशांचं ऊन. त्यामुळे सहलीचा महिना, बोटीची वेळ आणि गाडी लावायची जागा या तीन गोष्टी आधी पक्क्या करा. बाकीचं सगळं त्यानंतर जुळवता येतं.

आधी महिना ठरवा

तुमच्या हातात असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचे पहिले दोन आठवडे निवडा. जलाशयात पुरेसं पाणी असतं, हिवाळी पाहुणे पक्षी पुष्कळसे अजून मुक्कामाला असतात आणि रात्री गाडीत पंख्यावर झोप लागते.

शाळेच्या सुटीमुळे एप्रिल-मेच शक्य असेल, तर मुक्काम एका रात्रीचा ठेवा. एप्रिलचा पहिला पंधरवडा मेपेक्षा बरा. २५ मेपासूनचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, मात्र टाळाच. लहान मुलं किंवा साठीपुढची माणसं बरोबर असतील तर यात तडजोड करू नका. पत्र्याच्या गाडीत त्या दिवसांतली दुपार काढणं धोक्याचं आहे.

निघण्याच्या आठवड्यात दोन गोष्टी तपासा. पहिली, धरणातला पाणीसाठा. जलसंपदा विभाग प्रकल्पनिहाय साठ्याची टक्केवारी रोजच्या रोज जाहीर करतो. साठा एक चतुर्थांशाच्याही खाली गेला असेल, तर पाण्यापर्यंत पोहोचायला गाळातून बरंच चालावं लागेल असं समजा. दुसरी, उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाणी सोडणं, सुरू आहे का, हे पाटबंधारे शाखेत फोन करून विचारा. आवर्तन चालू असताना पातळी रोज थोडी थोडी उतरते, आणि काल गाडी उभी केलेल्या जागेपासून पाणी आज लांब गेलेलं दिसतं.

कोणता जलाशय निवडाल

जिल्ह्यात पर्याय बरेच आहेत, पण सगळे एकाच कामाचे नाहीत.

- इसापूर: पैनगंगेवरचा हा विस्तीर्ण जलाशय पुसद तालुका आणि हिंगोलीचा कळमनुरी तालुका यांच्या सीमेवर आहे. पुसदहून शेंबाळपिंपरीच्या वाटेने जाता येतं. पाणी सर्वांत जास्त इथेच, म्हणून ओढाही इथेच. पण हे पक्षी अभयारण्यही आहे. त्याचा परवानगीशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.
- बेंबळा: बाभुळगाव तालुक्यात. यवतमाळ शहरात मुक्काम ठेवून सकाळी जाऊन यायला सोयीचा.
- अरुणावती: दिग्रसजवळ. कारंजा-मानोरा बाजूने येणाऱ्यांच्या वाटेवर पडतो.
- पूस: पुसदजवळ. इसापूरला जाताना किंवा परतताना थांबायला चांगला.
- सायखेडा आणि वाघाडी: पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला. टिपेश्वर अभयारण्याची सफारी करणाऱ्यांनी यांचा विचार करावा.

यवतमाळ शहराला पिण्याचं पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे सहलीच्या यादीतून काढून टाका. काठावर बसून सूर्यास्त पाहायला हरकत नाही, पण त्या पाण्यात बोट, पोहणं, भांडी घासणं यांतलं काहीही करू नका. पाण्यासाठी या शहराने फार कठीण उन्हाळे काढले आहेत.

तुमचा खरा ओढा बोटिंगकडे असेल आणि धरणाचा परिसर दुय्यम असेल, तर स्पष्टच सांगतो: बोटिंगसाठी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जा. तिथे बोटिंगची सोय अनेक वर्षांपासून आहे. जेट स्की वगैरे वेगाचे खेळ हवे असतील तर सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ पासून जलपर्यटन केंद्र आहे. यवतमाळ जिल्ह्यात कॅराव्हॅनचा शांत मुक्काम, पक्षी आणि सफारी, आणि बोटिंग दुसऱ्या टप्प्यात खिंडसीला, अशी विभागणी केलेली सहल जास्त समाधान देते. टिपेश्वरमध्ये कॅराव्हॅन नेता येत नाही. ती बाहेर लावून नोंदणीकृत जिप्सी आणि गाइड घ्यावा लागतो, आणि उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता जास्त असल्याने आरक्षण लवकर भरतं.

पाण्यात उतरायची परवानगी कोण देतं

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘धरण सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं, मग परवानगी कशाला?’ असं अनेकजण विचारतात. जलाशयाच्या काठाशी एकापेक्षा जास्त खात्यांचा अधिकार असतो, आणि एकाची परवानगी दुसऱ्याला लागू पडत नाही.

*जलसंपदा विभाग.* धरण, बुडीत क्षेत्र आणि संपादित जमीन याच विभागाच्या ताब्यात असते. बेंबळा, अरुणावती, पूस हे प्रकल्प विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे येतात. इसापूर म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प मात्र गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे आणि त्याचा कारभार नांदेडच्या बाजूने चालतो. इसापूरसाठी यवतमाळच्या पाटबंधारे कार्यालयात अर्ज घेऊन जाणाऱ्यांची फेरी वाया जाते, ती यामुळेच.

*वन विभाग.* इसापूरच्या जलाशयाचा भाग पक्षी अभयारण्यात आहे. अभयारण्यात जायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार परवानगी लागते. स्वतःची बोट, कयाक किंवा फुगवलेली होडी घेऊन तिथे उतरणं म्हणजे परवानगीशिवाय प्रवेश. नियम बाजूला ठेवले तरी एक कारण पुरेसं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जलाशयात छोटी बेटं उघडी पडतात, आणि नदीसुरय, टिटवी यांसारखे पक्षी तिथल्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात. ‘बेटावर उतरून फोटो काढू’ म्हणणाऱ्या चौघांच्या पायांखाली पाच मिनिटांत कितीतरी घरटी संपतात. उठलेला पक्षी परत येईपर्यंत उन्हाने अंडी भाजून निघतात, ते वेगळंच.

*मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार संस्था.* जलाशयातल्या मासेमारीचा ठेका सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकायचा असेल तर आधी संस्थेला विचारा. होकार मिळाला तर शुल्क द्या आणि पावती घ्या.

स्वतःची बोट नेण्याचा विचार पक्का असेल, तर किमान महिनाभर आधी कार्यकारी अभियंत्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, किती माणसं, बोट वल्ह्याची की इंजिनाची, किती जणांची, जीवरक्षक जॅकेट किती आणि काठावर कोण थांबणार, हे सगळं लिहा. जागा अभयारण्यात येत असेल तर तशीच प्रत वन विभागाच्या वन्यजीव शाखेला. पोच घ्या. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नका. चौकीदार ‘जा, काही होत नाही’ म्हणाला, ही परवानगी नव्हे. काही घडलं तर त्याची नोकरी जाईल आणि तुमचा विमा नाकारला जाईल.

धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि कालव्याचं मुख यांच्याजवळ कुठल्याही परिस्थितीत बोट नेऊ नका. वरून पाणी संथ दिसलं तरी पाणी सोडायच्या दाराजवळ (विमोचकाजवळ) खाली ओढ असते. ड्रोन उडवायचा असेल तर त्यालाही वेगळी परवानगी लागते.

बोटीत पाऊल ठेवण्याआधी

धरणावर व्यावसायिक बोट चालू असेल तर तिकीट काढण्याआधी चार गोष्टी विचारा. विचारण्यात संकोच नको. हा तुमचा हक्क आहे.

१. नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार दोन्ही लागतात आणि विमाही लागतो. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. प्रमाणपत्रावर प्रवासी क्षमता लिहिलेली असते.

२. साहसी पर्यटनाची नोंदणी. राज्याच्या २०२१ च्या धोरणानुसार जल, जमीन आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. चौकशी तिथल्या प्रादेशिक कार्यालयात करता येते.

३. क्षमता आणि प्रत्यक्ष माणसं. कडेवरचं मूलही माणूस म्हणून मोजा.

४. प्रत्येकासाठी जॅकेट, आणि ते अंगावर. बाकाखाली रचून ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. बक्कल लावून खांद्याजवळ वर ओढून पाहा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली घसरतं. हवेचे टायर, रबरी चक्र, पोहायच्या पिशव्या ही जीवरक्षक साधनं नाहीत.

यांपैकी जॅकेट नसेल किंवा माणसं जास्त भरली जात असतील, तर बसू नका आणि पैसे परत मागा. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. २०१७ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटली आणि त्यांतले बहुतेक परतलेच नाहीत. अशा बातम्या आपण दोन दिवस वाचतो आणि तिसऱ्या दिवशी मुलाला जॅकेटशिवाय होडीत बसवतो. मुलं अर्ध्या तासासाठी हट्ट करतील, रुसतील. रुसू द्या.

मासे धरणाऱ्यांचा डोंगा किंवा थर्माकोलचा तराफा हे पर्यटकांसाठी नाहीत. भोई बांधव त्यावर तोल सांभाळून उभे राहतात, कारण त्यांचं आयुष्य त्यावर गेलेलं असतं. ‘पैसे घ्या, पण एक चक्कर मारून आणा’ असा आग्रह करू नका. गरज असलेला माणूस अशा पैशाला नाही म्हणू शकत नाही, आणि अपघात झाला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. त्यांना मदत करायची असेल तर सकाळी जाळी काठावर आली की ताजे रोहू, कटला, मरळ घ्या. जलाशयाच्या सहलीतला सर्वांत चविष्ट भाग तोच आहे.

उन्हाळ्यात पाण्याखालचा धोकाही वाढतो. बुडीत क्षेत्रात जुनी गावं आहेत. त्यांच्या विहिरी, भिंती, तोडलेल्या झाडांची खोडं पातळी उतरली की पृष्ठभागाच्या जवळ येतात. फुगवलेल्या बोटीला बाभळीचा एक खुंट पुरतो. मासेमारीची जाळी पाण्यात पसरलेली असतात आणि पोहणाऱ्याचा पाय त्यांत अडकतो. काठाचा गाळ वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून मुलांना काठावर ‘फक्त घोटाभर पाण्यात’ सोडतानाही एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असू द्या. आवर्तनाच्या कालव्यात तर पोहायला कोणीच उतरू नये. अस्तराच्या उतरत्या भिंती शेवाळाने निसरड्या असतात आणि वाहत्या पाण्यात त्यांना धरून वर येता येत नाही.

बोट सकाळीच, संध्याकाळी नाही

हा मुद्दा मी वेगळा ठेवला आहे, कारण भले भले इथे चुकतात. उन्हाळ्यात ऊन टाळायचं म्हणून लोक संध्याकाळी पाचनंतर पाण्यावर जातात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये नेमकी तीच वेळ वादळाची. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, दुपारनंतर ढग जमतात, आणि वळवाच्या पावसाआधी काही मिनिटांतच जोराचा वारा सुटतो. शेतात झाडाखाली उभं राहिलेल्याला तो वावटळीसारखा वाटतो. मोकळ्या जलाशयावर मात्र त्याला अडवायला काहीच नसतं आणि लाटा भराभर उठतात.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सात जणांपैकी एकच पोहत काठाला लागला. रोजच्या जाण्यायेण्याचा जलमार्ग होता तो, अनोळखी पाणी नव्हतं.

म्हणून उन्हाळ्यात पाण्यावर जायची वेळ सूर्योदयानंतर ते सकाळी साडेनऊपर्यंत. आदल्या रात्री नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पाहा. पिवळा किंवा नारिंगी इशारा मेघगर्जना आणि वाऱ्याचा असेल तर बोट रद्द करा. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घ्या. पाण्यावर असताना पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं, वारा अचानक पडला किंवा गार झुळूक आली, की सर्वांत जवळचा काठ गाठा. जिथून निघालात तोच काठ गाठायच्या मागे लागू नका. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा आणि काचा बंद करा.

कॅराव्हॅन भाड्याने घेताना

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची सोय आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाकडून गाडी घेतली तर तक्रारीला जागा राहते.

नंबरप्लेट पाहिली की अर्धी माहिती कळते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली. पांढरी पाटी म्हणजे खासगी. पांढऱ्या पाटीची कॅराव्हॅन कितीही स्वस्त मिळाली तरी भाड्याने घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने चालवल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग दवाखान्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, गॅस आणि शौचालय बसवून ‘कॅराव्हॅन’ म्हणून देणारेही आहेत. अशी गाडी असेल तर नोंदणी प्रमाणपत्रात तो बदल चढवलेला आहे का, ते पाहा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार असा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

स्वतः चालवणार असाल तर गाडीचं एकूण भारासह वजन विचारा. ७,५०० किलोपर्यंत हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक गाड्यांच्या बाबतीतही ते स्पष्ट केलं आहे. त्याहून जड गाडीला वेगळा परवाना लागतो.

ताब्यात घेताना हे करा:

- गाडीचा आतून-बाहेरून व्हिडिओ, किलोमीटरचा आकडा आणि टायरवरची उत्पादनाची तारीख यांसह.
- करारात लिहून घ्या: गाडी बिघडली तर दुसरी किती तासांत, अनामत किती दिवसांत परत, आणि हवामानाच्या इशाऱ्यामुळे तारीख बदलली तर काय.
- पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची कॅसेट रिकामी कशी करायची, ते समोर करून दाखवायला सांगा.
- गाडी चालू असताना बसायच्या जागा आणि सीटबेल्ट मोजा. पलंग ही बसायची जागा नाही. घाटात ब्रेक लागला की झोपलेलं मूल पुढे फेकलं जातं.

टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना पाहा. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास एका वेगाने पळणारं कमी हवेचं टायर फुटतं. त्या बाजूने येताना कारंजा लाडला उतरून मानोरा-दिग्रसमार्गे या. नागपूरहून येणाऱ्यांना बुटीबोरी-वर्धा-कळंब-यवतमाळ हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ सोयीचा, पुढे तोच आर्णी, महागाव, उमरखेडकडे जातो.

गाडी कुठे लावाल, वीज कुठून घ्याल

धरणाच्या काठी बुडीत क्षेत्रात गाडी उतरवायचा मोह आवरा. त्या जमिनीवर उन्हाळ्यात गाळपेर असते. टरबूज, काकडी, भुईमूग यांचे वेल आणि रोपं कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईची असतात. शिवाय यवतमाळची काळी माती फसवी आहे. कोरडी असते तोवर तीन-चार टनांची गाडी सहज पेलते. रात्री वळवाची एक सर आली, की पहाटे चाकं अर्धी आत गेलेली असतात. ट्रॅक्टर येईपर्यंत दुपार होते. गाडी नेहमी मुरमाच्या, किंचित उंच जागेवर, निघायच्या दिशेला तोंड करून लावा.

मुक्कामासाठी मी या क्रमाने शोधेन: कृषी पर्यटन केंद्र, मग विश्रामगृहाचं आवार (आधी लेखी आरक्षण करून), मग ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं, आणि काहीच नसेल तर महामार्गावरचा रात्रभर चालू असणारा पेट्रोलपंप. आडरानात किंवा जंगलाच्या कडेला मुक्काम नको. मुक्काम गावाजवळ असेल तर पोलीसपाटलांना सांगून ठेवा. रात्री उभी असलेली अनोळखी मोठी गाडी पाहून गावकऱ्यांना काळजी वाटणं साहजिक आहे.

वीज हा कॅराव्हॅनचा सर्वांत दुबळा भाग. हिशोब साधा आहे. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. गाडीतली बॅटरी पाच युनिटची असली तरी तीन तासांत संपते. रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरची वीज लागणारच. सौर पॅनेलवर एसीचा भरवसा ठेवू नका, आणि पॅनेलसाठी गाडी उन्हात लावली तर आत भट्टी होते. विदर्भाची कोरडी हवा मात्र तुमच्या बाजूने आहे. छोटा कूलर एसीच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतक्या विजेवर चालतो आणि एप्रिल-मेमध्ये इथे उत्तम थंडावा देतो. त्याला रात्रभरात वीस-तीस लिटर पाणी लागेल आणि एक खिडकी उघडी ठेवावी लागेल.

शेतात मुक्काम असेल तर शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडीला वीज घेऊ नका. ती जोडणी शेतीसाठी सवलतीची आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज अधिनियम २००३ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल शेतकऱ्याच्या नावाने येतं. घरगुती मीटरवरून घ्या आणि युनिटप्रमाणे पैसे द्या.

पाण्याबाबतही तेच. मेमध्ये अनेक गावांत हातपंपावर रांग असते, तिथे शंभर लिटरची टाकी लावू नका. तालुक्याच्या गावात आरओचे वीस लिटरचे कॅन मिळतात, ते भरून घ्या. शौचालयाची कॅसेट आणि सांडपाणी ओढ्यात, काठावर किंवा शेतात ओतू नका. विश्रामगृहाच्या किंवा पंपाच्या शौचालयात, परवानगी घेऊन, रिकामी करा.

चूल पेटवायची नाही. सागाची वाळलेली पानं आणि शेतातल्या पऱ्हाट्या ठिणगीने पेटतात आणि वारा ती आग पुढे नेतो. स्वयंपाक गाडीतच, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर किंवा इंडक्शनवर, दार उघडं ठेवून. गाडी चालू असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

उन्हाचं वेळापत्रक

पहाटे पाचला निघून दहाच्या आत मुक्कामी पोहोचा. अकरा ते पाच सावलीत, शक्यतो पक्क्या छपराखाली. मोठ्या माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी धरा. ओआरएसची पाकिटं, ताक, कैरीचं पन्हं, कांदा हे सगळं जवळ असू द्या. मूल किंवा पाळीव प्राणी बंद गाडीत ‘दोन मिनिटं’ही ठेवू नका.

कोणी बरळू लागलं, अंग तापलं, घाम येणं थांबलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पुसद आणि पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. धरणाकाठी मोबाइलची रेंज जाते, तेव्हा हे क्रमांक कागदावर लिहून गाडीत चिकटवा: आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्ग १०३३, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वन विभाग १९२६.

पैसे अडकले तर

आरक्षण करताना रोख देऊ नका. यूपीआय किंवा बँकेतून द्या आणि पावती घ्या. ठरलेली गाडी मिळाली नाही, एसी-शौचालय बंद निघालं, बोटवाल्याने जॅकेट न देता पैसे ठेवून घेतले, अनामत अडवली, तर हे सगळं ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येतं.

आधी गाडी किंवा बोट देणाऱ्या व्यावसायिकाला लेखी कळवा, व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर, आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. ती तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते. पुण्याच्या कुटुंबाने त्यासाठी यवतमाळला फेऱ्या मारायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील नेमणं सक्तीचं नाही, आणि ऑनलाइन दाखल करायची सोय आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.

सुरक्षेबद्दलची तक्रार मात्र पैशांच्या तक्रारीत मिसळू नका. बिनानोंदणीची किंवा जॅकेट नसलेली बोट चालताना दिसली, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो जोडून तहसीलदार, संबंधित पाटबंधारे उपविभाग आणि पर्यटन संचालनालयाचं अमरावती कार्यालय या तिघांना एकच ईमेल पाठवा. बोटीवर तेव्हा माणसं बसलेली असतील तर ईमेलची वाट न पाहता ११२ ला फोन करा.